खवली एक की दोन?

प्रयोग फसला की वहीत एकच ओळ येते : "रिझल्ट मिळाला नाही." तारीख, तापमान, खाली सही. पण त्या एका ओळीमागे पाऊण तासाचा किस्सा असतो आणि तो लिहायला वहीत रकाना नसतो! मग असे किस्से डोक्यात साठत जातात. सेमिनारमध्ये सांगता येत नाहीत आणि थीसिसमध्ये घालता येत नाहीत. चहाच्या वेळी मात्र एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला दोन आठवतात.

मी धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात पीएच.डी. करते. विषय, खवली. बोटभर लांबीचा, चांदीसारखा, शेपटीजवळ काळा ठिपका असलेला हा मासा तापीत सापडतो आणि तापीला मिळणाऱ्या नाल्यांतही सापडतो. नदीतली खवली आणि नाल्यातली खवली ही एकच जात आहे की दोन, हे डीएनए तपासून ठरवायचं, एवढंच माझं काम. ऐकायला किती सोपं वाटतं! चार वर्षं झाली.

माझे गाईड चौधरी सर. तरुणपणी सायकलवर तापीकाठ पालथा घालून त्यांनी या माशावर पेपर लिहिला होता : मासा एकच, नाल्याच्या गढूळ पाण्यामुळे रंग काळपट दिसतो, इतकंच. तेव्हापासून या माशावर कोणी काहीही लिहिलं तरी खाली सरांच्या पेपरचा हवाला असतो. आणि त्याच पेपरची परीक्षा घ्यायचा विषय सरांनी स्वतःच मला दिला. का दिला, ते मला कधी कळलं नाही.

दुसरी बाजू भिका नानांची. नरडाण्याच्या पुढे तापीकाठी त्यांचं गाव, आयुष्य जाळ्यावर गेलेलं. आमचे सगळे मासे तेच पकडून देतात. पहिल्याच दिवशी दोन मासे हातावर ठेवून ते म्हणाले, "सर, ह्या दोन्ही न्याऱ्या शेतस. एक नदीनी, एक नालानी."

सर हसले. "नाना, मासा एकच आहे. पाणी बदललं की रंग बदलतो."

नाना काळेकुळकुळीत. त्यांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग सरांकडे.

"मंग मी चार महिना धुयामा ऱ्हायनू, ते गोरा व्हसू का?"

*

डीएनए हा शब्द गावात दोनच कारणांनी माहीत असतो. एक तर खून, नाहीतर मूल कोणाचं हे प्रकरण.

आम्ही नदीकाठी सतरंजी टाकून बसलो होतो. हातमोजे, मास्क, चिमटा, छोट्या नळ्या. मी माशाच्या पराचा तिळाएवढा तुकडा कापून स्पिरिटमध्ये टाकत होते. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. कोणीतरी विचारलं, काय चाललंय? सर खरं बोलणारे. म्हणाले, "डीएनए तपासणी."

गर्दी दोन पावलं मागे सरकली.

"कोनी केस शे?" एकाने हळूच विचारलं.

नाना जाळं झटकत शांतपणे म्हणाले, "मासास्ना बाप धुंडी ऱ्हायनात."

तेवढ्यात पोलीस पाटील मोटारसायकलवरून घाईघाईने आले. टोपी सारखी करत थेट माझ्यासमोर उभे राहिले. "मॅडम, आधी मला कळवायला पाहिजे होतं. पंचनामा केला का? बॉडी कुठंय?"

माझा इतका गोंधळ उडाला की मी माशांची पिशवी वर उचलून दाखवली!

*

पहिला निकाल आला त्या दिवसाचा किस्सा.

नळीतला डीएनए आम्ही पुण्याला पाठवतो. तिकडून अक्षरांची लांबलचक माळ येते, ए, टी, जी, सी अशा चारच अक्षरांची. ती माळ इंटरनेटवरच्या मोठ्या संग्रहात टाकली की कॉम्प्युटर सांगतो, हा अमुक प्राणी.

सात नंबरच्या नमुन्याचं उत्तर आलं : माणूस.

मी पुन्हा टाकलं. पुन्हा माणूस. म्हणजे काम करताना कोणाचा तरी उघडा हात लागला होता, आणि माशाच्या जागी त्याचाच डीएनए मोजला गेला होता. पण कोणाचा? लॅबमध्ये आम्ही तिघंच. सर, मी आणि आमचे अटेंडंट सुकलाल आबा. तिघंही एकमेकांच्या हातांकडे बघू लागलो.

"पुरुष का बाई, ते तरी निघालं का?" आबांनी विचारलं.

"आम्ही जो भाग तपासतो त्यावरून ते कळत नाही, आबा."

"मग मी नाही," आबा म्हणाले. हा निष्कर्ष त्यांनी कसा काढला, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

गंमत पुढे झाली. आबांचं काम म्हणजे निकाल आला की रजिस्टरमध्ये उतरवायचा. आबा अत्यंत काटेकोर. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती आली. समितीच्या वयस्कर मॅडमनी रजिस्टर उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "नमुना क्रमांक सात. ठिकाण, तापी नदी. लांबी सहा सेंटिमीटर. वजन चार ग्रॅम. नाव... माणूस?"

मॅडमनी चष्मा काढला. "हा कुठे ठेवलाय?"

आबा अदबीने पुढे झाले. "बरणीत, मॅडम. दाखवू का?"

*

तुलनेसाठी धरणगावकडच्या एका तळ्यातले नमुनेही हवे होते. ते मी एकटीच आणायला गेले. उन्हाळा असा की एसटीच्या खिडकीची दांडी धरली तर हात भाजावा. नमुने गार राहायला हवेत, म्हणून मांडीवर निळा थर्मासचा डबा, आत बर्फ, बर्फात नळ्या.

शेजारी एक मावशी, मांडीवर नात. डब्याकडे बघत होत्या, माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी नातीचं तोंड दोन बोटांनी दाबून उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"पाजा, मॅडम."

"काय?"

"डोस. मागल्या टायमाले आम्ही गावले गयथूत, हिना चुकी गया."

निळा डबा म्हणजे पोलिओचा, हे साऱ्या महाराष्ट्राला पाठ! मागच्या सीटवरच्या दोन बायकाही आपापली लेकरं घेऊन उठल्या. कंडक्टर म्हणाले, "गाडी बाजूला घेऊ का, मॅडम? हलत्या गाडीत थेंब सांडतील."

मी घाबरून झाकण उघडून दाखवलं. "अहो, थेंब नाहीत. मासे आहेत यात. माशांचे तुकडे!"

मावशींनी आत वाकून पाहिलं. बर्फ पाहिला, नळ्या पाहिल्या. नातीचं तोंड सोडलं. क्षणभर विचार केला.

"मासा बी दी ऱ्हायनं का आते सरकार?"

*

हळूहळू हातमोजे सुधारले, निकाल सुधारले, आणि खरा गोंधळ सुरू झाला.

नाल्यातल्या खवलीची माळ संग्रहात टाकली. पहिल्याच ओळीत उत्तर : नदीतलीच जात. जुळणी जवळजवळ शंभर टक्के! सर खुर्चीतून उठले. मला वाटलं, संपलं, सर बरोबर होते, मासा एकच, नाना चूक. खरं सांगते, मला थोडं वाईटच वाटलं.

पण नियम असा, की संग्रहात ज्याच्याशी जुळलं तो मासा मुळात कोणी ओळखला होता, ते तपासायचं. कारण तिथं कोणीही माळ चढवतो आणि नाव लावतो. नाव चुकलं असेल तर कॉम्प्युटर तीच चूक शंभर टक्के खात्रीने परत सांगतो.

मी ती नोंद उघडली. मासा धुळे जिल्ह्यातल्याच एका नाल्यातला. 'ओळख पटवणारा' या रकान्यात चौधरी सरांचं नाव! सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मासा पाहिला, सरांच्या पेपरप्रमाणे नाव लावलं, आणि आदराने ओळखीचं श्रेय सरांना देऊन टाकलं. सरांनी तो मासा कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

म्हणजे सर बरोबर आहेत, याचा पुरावा काय? तर सर!

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

मग म्हणाले, "या माणसावर विश्वास ठेवता येईल का, अहिरे?"

मी म्हटलं, "सर, चहा सांगू?"

*

ती नोंद बाद केली. मग नदीतल्या आणि नाल्यातल्या खवलीच्या माळा सरळ एकमेकींखाली ठेवल्या. सहाशेच्या वर अक्षरं, त्यात अठरा ठिकाणी फरक.

आता अठरा म्हणजे पुष्कळ की थोडे? कोणी म्हणतं, एवढा फरक म्हणजे जात वेगळी. कोणी म्हणतं, एकाच जातीतही इतका असू शकतो. मी जेवढं वाचत गेले तेवढी गोंधळत गेले. सकाळी मला दोन जाती दिसायच्या, दुपारी जेवण झालं की एक.

सर म्हणाले, "फरक तर माझ्यात आणि माझ्या भावातही असेल. म्हणून काय आम्ही दोन जाती झालो?"

आबा बरण्या पुसत होते. ते फडकं ठेवून आले आणि प्रिंटआउटवर वाकले. पट्टी ठेवून एकेक फरक पेन्सिलीने गोल केला. मोजले.

"सर, माझं नाव सुकलाल. आधारवर छापलं सुखलाल. एक अक्षर! बँकेनं तीनदा परत पाठवलं मला. म्हणे, हा माणूस वेगळा आहे." पट्टी उचलून त्यांनी कागदावर आपटली. "एका अक्षरात मी दुसरा माणूस झालो. इथं अठरा अक्षरं चुकलीत, आणि तुम्ही म्हणता मासा एकच?"

त्या दिवशी सर लवकर घरी गेले.

*

शेवटी सरांनीच तोडगा काढला. बारा मासे घ्यायचे, नदीतले आणि नाल्यातले मिसळायचे, प्रत्येकाला नंबर बांधायचा. कोण कुठला, ते फक्त मला माहीत. नानांनी नुसतं बघून दोन गट करायचे. मग डीएनए काय म्हणतो ते बघू.

नाना लॅबमध्ये आले. खुर्चीवर बसले नाहीत. टेबलाशी उभ्यानेच, भाजी निवडावी तसे ट्रेमधले मासे निवडले. पाच डावीकडे, सहा उजवीकडे. बारावा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि मधोमध ठेवला.

"नाना, मधे नाही चालणार. इकडे नाहीतर तिकडे," सर म्हणाले.

"हाई ना इकडली, ना तिकडली. ईनी माय नदीनी, बाप नालाना."

सरांनी मान हलवली. नमुने पुण्याला गेले. निकाल आले. अकरा मासे नानांनी लावल्याप्रमाणे तंतोतंत! बारावा मात्र नाल्यात पकडलेला असून डीएनएने नदीचा ठरवला.

"बघा, एक चुकलाच," सर म्हणाले. आवाजात सुटका होती.

मी मात्र निकाल पुन्हा वाचला. कारण आम्ही तपासतो तो भाग मुलांना फक्त आईकडून मिळतो. बापाचं त्यात काहीही उतरत नाही. म्हणजे आई नदीची आणि बाप नाल्याचा असेल, तर आमच्या तपासणीत तो मासा नदीचाच दिसणार! नाना म्हणाले होते तेही खरं, आणि मशीन म्हणत होतं तेही. मग मी बापाकडूनही येणारा दुसरा भाग तपासायला पाठवला. महिन्याने उत्तर आलं : अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा.

आता तर आणखी गोंधळ! दोघांची पिल्लं होतात म्हणून जात एक म्हणायची, की बारा माशांत असं एकच पिल्लू सापडलं म्हणून जाती दोन?

मी आबांना समजावून सांगितलं, की आमच्या पहिल्या तपासणीत फक्त आई दिसते, बापाचा पत्ताच लागत नाही.

"म्हणजे एवढं महागाचं मशीन आणि ऐकतं फक्त आईचं," आबा म्हणाले. "मग आमच्या घरातलं आणि यातलं वेगळं काय?"

*

आणि आता हा शेवटचा. याला साक्षीदार फक्त मी, नाना आणि नानांच्या घरच्या अक्का.

उन्हाळा संपत आला होता. सर तीन महिन्यांनी रिटायर होणार होते. पुरावा फाइलभर झाला होता, पण सर दर वेळी म्हणायचे, "अजून थोडं बघू." मी चिडत नव्हते. आपल्या तरुणपणाच्या पेपरवर कोणी स्वतःच्या हाताने काट मारेल का? माझा थीसिस मात्र तिथेच अडकला होता. शेवटच्या प्रकरणाचं शीर्षकसुद्धा लिहिता येईना.

त्या दिवशी नानांकडून शेवटचे नमुने घ्यायला सर आणि मी सरांच्या व्हॅनने गेलो होतो. काम संपता संपता जेवायची वेळ झाली. अक्का उठूच देईनात. चुलीजवळ त्या खवली साफ करत बसल्या होत्या. दोन वेगळ्या थाळ्यांत.

"अक्का, दोन थाळ्या का?" मी विचारलं.

"एक नदीनी, एक नालानी. आम्ही दोन्ही एक तवावर नही टाकतस. एक लवकर शिजस, दुसरीले टाइम लागस. चव बी न्यारी." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमले तं मालूमच व्हई."

सरांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी. थोडं संकोचून म्हणाले, "अक्का, आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. मी मासा कधी खाल्लेला नाही."

अक्कांचा हात थांबला. "कधीच नही?"

"कधीच नाही."

"तीस वरीसपाईन मासा कापी ऱ्हायनात, आनि तोंडमा एक बी नही?" अक्कांना हसू आलं नाही. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मंग तुमले समजनं कसं, एक का दोन?"

"मापं घेतो, अक्का. खवले मोजतो. आता ही अहिरे डीएनए बघते. कागदावर सगळं येतं."

"कागदवर कसं समजी? जिभवर समजस." अक्कांनी तव्यावरून दोन तुकडे काढले. एका ताटलीत डावीकडे एक, उजवीकडे एक. ताटली सरांपुढे सरकवली. "खाई दखा."

नाना म्हणाले, "व माय, नको आग्रह करू. नही खातस त्या."

मीही म्हटलं, "अक्का, राहू द्या."

सर ताटलीकडे बघत राहिले. तव्यावरचं तेल चुरचुरत होतं. एका कोंबडीने दारातून डोकं आत घातलं आणि बाहेर काढलं. मग सर उठले, बाहेर रांजणाजवळ गेले, हात कोपरापर्यंत धुतले, परत येऊन मांडी घालून बसले.

डावीकडचा तुकडा त्यांनी उचलला, काटा काढला, तोंडात टाकला. डोळे मिटले. खूप वेळ चावत राहिले. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. पाण्याचा घोट घेतला. मग उजवीकडचा. पुन्हा डोळे मिटले.

अक्का पुढे वाकल्या. "कशी?"

सरांनी रुमालाने बोटं पुसली, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या दिसल्या. ठेचा न खाताच. डबा बंद केला. अक्कांना दोन्ही हात जोडले. "येतो."

आम्ही निघालो. नरडाण्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. सरांनी गाडी बंद केली. मालगाडी येत होती, डब्यांमागून डबे, संपतच नव्हती.

"अहिरे."

"सर?"

"माझा जुना पेपर मागे घ्यायचं पत्र उद्या टाइप करा. जाती दोन आहेत."

मला आनंद व्हायला हवा होता. मी वही काढली, पेन काढलं.

"कारण काय लिहू, सर?"

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक वर जायला लागलं. सरांनी किल्ली फिरवली.

"डीएनए लिहा," ते म्हणाले. "आणि तुमच्याकडे वेलदोडा असेल, तर एक द्या."